बटणांचा फोन की स्मार्टफोन? आधी आठवड्याची वही, मग दुकान

आमच्या घरात दोन फोन चुकीच्या माणसांकडे गेले होते. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के, पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचणारे. म्हणून त्यांना स्मार्टफोन. आई सातवी शिकलेली, ‘मला काय करायचंय त्यातलं’ म्हणणारी. म्हणून तिला बटणांचा. आठ महिन्यांनी दिवाळीला गावी गेलो तर बाबांचा फोन पासबुकांच्या खणात पडलेला, आणि आई रोज तिन्हीसांजेला शेजारच्या सुनेच्या ओट्यावर. भजनी मंडळाच्या ग्रुपवर येणाऱ्या नव्या चाली तिला तिथेच ऐकायला मिळायच्या.

आम्ही वय आणि शिक्षण बघून फोन घेतले होते. बघायला हवी होती कामं. त्यानंतर मामा, आत्या, सोसायटीतले एक काका, घरकामाला येणाऱ्या ताई अशा बऱ्याच जणांसाठी फोन निवडायची वेळ आली आणि चुकतमाकत एक पद्धत बसली. ती इथे सांगतो. कुठलं मॉडेल घ्यावं याचं उत्तर यात नाही; मॉडेलं सहा महिन्यांत बदलतात, माणसाची कामं बदलायला बराच वेळ लागतो.

सात दिवसांची वही

ज्याच्यासाठी फोन घ्यायचा, त्याच्या उशाशी एक छोटी वही ठेवा. सात दिवस फोनशी संबंध आलेलं प्रत्येक काम त्यात लिहायचं. काय केलं, कोणाच्या फोनवरून केलं, आणि त्या कामाला स्वतःचाच नंबर लागला का, एवढंच. अडलेलं कामही लिहायचं. खरं तर तेच जास्त महत्त्वाचं.

बाबांच्या वहीत आठवड्याचे बाराएक फोन होते, बँकेचे तीन मेसेज वाचल्याची नोंद होती आणि टॉर्च पाच वेळा लावलेली. संपली वही. आईच्या वहीचं दीड पान भरलं. भजनाच्या चाली रोज, शेजारी. नातीचे फोटो चारदा, शेजारी. आत्याशी व्हिडिओवर बोलणं दोनदा, तेही शेजारी. एक ओळ अडलेल्या कामाची: किराणावाला म्हणाला ‘काकू, स्कॅन करा’, सुटे नव्हते, साठ रुपये उधारी राहिली.

वही वाचल्यावर दुकानात काय मागायचं हे वेगळं सांगायला लागलं नाही.

वही लिहिताना एक पथ्य: ‘पुढे लागेल’ अशी कामं लिहायची नाहीत. फोन विकणारा सगळी मदार त्या ‘पुढे लागेल’वर ठेवून असतो. जे काम या आठवड्यात झालंही नाही आणि अडलंही नाही, त्यासाठी आठ-दहा हजार घालायची घाई नको.

रोजचं काम स्वतःच्या फोनवर, वर्षाचं दुसऱ्याच्या

‘आता स्मार्टफोनशिवाय सरकारी काम होत नाही’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. अर्धं खरं आहे. पण त्यातली बरीच कामं वर्षातून एकदोनदाच येतात, आणि ती करायला फोन त्याच माणसाचा असावा लागत नाही.

पेन्शनरांचा हयातीचा दाखला घ्या. बाबा दर नोव्हेंबरला बँकेत रांग लावायचे. आता ‘जीवन प्रमाण’, म्हणजे हाच दाखला डिजिटल, चेहरा ओळखून होतो. त्यासाठी अँड्रॉइड फोन लागतो, पण तो मुलाचा, सुनेचा, शेजाऱ्याचा चालतो. मी माझ्या फोनवर आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप्स टाकली, बाबांना ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसवलं, चष्मा काढायला लावला, दहा मिनिटांत काम झालं. ओटीपी त्यांच्या बटणांच्या फोनवर आला. ओटीपी हा साधा एसएमएस असतो; त्याला फोन स्मार्ट आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. हे लक्षात न आल्यामुळे किती घरांत निव्वळ ‘ओटीपीसाठी’ स्मार्टफोन घेतले गेलेत!

दुसरं उदाहरण मामाचं. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, फोन जागा टिपतो आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. कॅमेरा आणि जीपीएस लागतं, म्हणजे बटणांचा फोन इथे बाद. पण एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. मामाच्या वस्तीवर चुलतभावाचा मुलगा हंगामात सगळ्यांच्या बांधावर फिरून नोंदी करतो. मामाने त्याला एकदा हुरडा खायला घातला, विषय संपला.

तेव्हा वहीतल्या प्रत्येक कामापुढे ‘रोज’, ‘महिन्याला’ किंवा ‘वर्षाला’ असं लिहा. वर्षाच्या कामांवर काट मारा, फक्त ते काम करून देणारं भरवशाचं माणूस जवळ आहे ना, ते बघा. माणूस नसेल तर काट मारू नका. मुलं परदेशात, शेजारी कुलूप, अशा घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजींनाही स्मार्टफोनच द्यावा लागेल, आणि तो शिकवायला कोणी तरी आठ दिवस राहावं लागेल.

महिन्याच्या कामांना मात्र असं सरसकट उत्तर नाही. गॅसचा नंबर मिस्ड कॉलवर लागतो, विजेचं बिल कोणीही भरू शकतं. पण बँकेत किती पैसे आहेत हे दर महिन्याला दुसऱ्याच्या फोनवर बघणं कोणालाच आवडत नाही, आणि आवडूही नये.

सिम आणि रेंज: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

बटणांचा फोन घ्यायचं ठरलं तरी पहिला प्रश्न ‘२जी की ४जी?’ हाच विचारा. जिओचं जाळं सुरुवातीपासून ४जीचं आहे, त्यात २जी नाहीच. घरात जिओचं सिम आहे आणि कोणी तरी हौसेने स्वस्तातला २जी फोन आणला, तर सिम बसतं, फोन सुरू होतो, आणि ‘नो सर्व्हिस’ एवढंच दिसत राहतं. एअरटेल, व्हीआय (व्होडाफोन-आयडिया) आणि बीएसएनएलवर २जी अजून चालतं. तरीही आज नवा फोन घेताना ४जीचाच घ्यावा असं माझं मत आहे. पाच-सातशे रुपये जास्त जातात, पण सिम बदललं तर फोन बदलावा लागत नाही.

उलट बाजूचा सापळाही आहे. जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांत आलेल्या जिओ भारतसारखे फोन त्याच कंपनीच्या सिमवर चालतात. ज्याचं सिम जिओचं आहे आणि बदलायचं नाही, त्याला तो उत्तम. ज्याच्या गावात दुसऱ्याच कंपनीची रेंज येते, त्याला तो निरुपयोगी. खोक्यावर ‘४जी’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. माझं सिम दुकानातच घालून फोन लावून दाखवा, असं सांगा.

रेंज बघायची ती गावाच्या वेशीवर किंवा अंगणात उभं राहून नव्हे. माणूस दुपारी जिथे पडतो, जिथे स्वयंपाक करतो, रात्री जिथे झोपतो, तिथे बघा. आमचं घर डोंगराच्या पोटाशी, भिंती दगडी, दीड हात जाड. अंगणात चार दांड्या आणि माजघरात शून्य. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी, म्हणजे ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या, भिंतीतून आणि डोंगराआडून त्यामानाने बऱ्या पोचतात; २३०० च्या पोचत नाहीत. ग्राहक म्हणून हे आकडे लक्षात ठेवायची गरज नाही. दोन-तीन कंपन्यांची सिमं घेऊन घरभर एक फेरी मारली की कळतं. आम्ही पाहुण्यांच्या फोनवरूनच ही पाहणी उरकली.

एक गोष्ट रिचार्जची. बटणांच्या फोनला डेटा लागत नाही, तरी वर्षानुवर्षं दुकानदार रोज दीड जीबीचा पॅक मारत आले. टेलिकॉम नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं बंधनकारक केलं आणि जानेवारी २०२५ पासून ते मिळायला लागले; सुरुवातीला ८४ दिवसांचा पॅक साडेचारशे-पावणेपाचशेच्या घरात होता. दुकानदार आपणहून सांगत नाही. ‘नेट नको, नुसत्या बोलण्याचा मारा’ असं स्पष्ट म्हणावं लागतं.

आणि जुनं सिम घरात नुसतं पडू देऊ नका. बरेच दिवस न वापरलेला नंबर कंपनी बंद करते आणि पुढे दुसऱ्याला देते. तोच नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला असला, तर तुमचे ओटीपी अनोळखी माणसाच्या खिशात वाजायला लागतात. फोन बदलण्याच्या गडबडीत हे फार वेळा होतं.

बोट, कान, डोळे

बाबांचा फोन खणात का गेला, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. ‘बरोबर नाही तो’ एवढंच. शेजारी बसून बघितलं तेव्हा उलगडलं. त्यांचं बोट पडद्यावर जरा जास्त रेंगाळतं, आणि फोन त्याला ‘दाबून धरलं’ असं समजतो; मग नाव उघडायच्या ऐवजी भलताच तक्ता उघडतो. शिवाय हात थोडा कापतो, एका टिचकीच्या दोन होतात. त्यात त्वचा कोरडी. आजचा टचस्क्रीन दाब ओळखत नाही. बोटातून किंचित वीज वाहते, ती ओळखतो. कोरड्या, घट्टे पडलेल्या, मातीत काम करणाऱ्या बोटाची त्याला दखलच लागत नाही. शेतकरी, गवंडी, वयस्कर माणसं पडद्यावर तीनतीनदा का आपटतात, ते यामुळे. बटण असं करत नाही. दाबलं की दाबलं, आणि बोटालाही ते कळतं.

म्हणून चाचणी अशी: दुकानातल्या चालू स्मार्टफोनवर त्या माणसाला स्वतःच्या हाताने एक नंबर लावायला सांगा, आणि एक आलेला फोन उचलायला सांगा. उचलायला, बरं का. वाजणारा फोन पडद्यावर बोट सरकवून घेणं हेच वयस्करांना सगळ्यात अवघड जातं, आणि नेमकी हीच चाचणी कोणी घेत नाही. तीनपैकी दोनदा चुकलं, तर सेटिंग्जमध्ये जाऊन ‘टच अँड होल्ड’चा वेळ वाढवून बघा, एका टिचकीत फोन उचलायची सोय असेल तर ती सुरू करा. तरीही जमलं नाही तर हट्ट सोडा.

कानाचं प्रकरण आम्हाला उशिरा कळलं. बाबांना परत बटणांचा फोन दिला, तो २जी होता. कानात श्रवणयंत्र. फोन कानाला लावला की गुरगुर. यंत्र बिघडलं म्हणून दोनदा तालुक्याला जाऊन आलो. दोष यंत्रात नव्हता. २जी फोन बोलताना लहरी सलग सोडत नाही, सेकंदाला सुमारे २१७ तुकड्यांत सोडतो, आणि श्रवणयंत्र त्या तुकड्यांचाच आवाज करून ऐकवतं. जुन्या रेडिओशेजारी मोबाईल ठेवला की तो टरटरायचा, तोच प्रकार. ४जीवर बोलताना हा त्रास फार कमी होतो. घरात श्रवणयंत्र असेल तर फोन स्मार्ट की साधा हे नंतर ठरवा, आधी तो ४जी आहे एवढं बघा, आणि यंत्र कानात ठेवूनच दुकानात पाच मिनिटं बोलून बघा.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र स्मार्टफोन सरळ जिंकतो. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, मेसेज वाचूनही दाखवतो. मोतीबिंदू असलेल्या माणसाला बटणांच्या फोनचा पावणेदोन इंची पडदा म्हणजे छळ आहे. आत्याला आम्ही याच एका कारणासाठी स्मार्टफोन दिला. ती नुसती नावापुढचा फोटो बघून फोन लावते.

मराठी नीट दिसते का

ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. दुकानात फोनवर ‘शेतकऱ्याच्या बाळाला’ असा मेसेज पाठवा. बटणांच्या फोनवर ‘ऱ्या’ची मोडतोड होते का, ‘ळ’ लिहायला सापडतो का, ते बघा. काही फोनांत मेनू हिंदीत असतो आणि ‘मराठी’ नावाखालीही अर्धं हिंदीच निघतं. वाचता येणं आणि लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला फक्त बँकेचे मेसेज वाचायचे आहेत त्याला पहिली पुरते.

बटणांच्या फोनवरून मराठीत लिहायची सवय असेल तर आणखी एक: इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीचा ७० चा. त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. ‘पोचलो, सुखरूप’ला चालतं, भांडायला पुरत नाही.

स्मार्टफोनवर मराठी बोलून टाइप करता येतं, आणि आई तेच करते. तिने गुगलला दिलेल्या हाका गल्लीभर ऐकू जातात.

पैशांची कामं

‘यूपीआय हवं, म्हणजे स्मार्टफोन’ हे पुरतं खरं नाही. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे सुरू केलं, ते बटणांच्या फोनसाठीच. ठरलेल्या नंबरवर फोन लावायचा, आवाज विचारेल तसे आकडे दाबायचे, शेवटी पिन. पुढे एका व्यवहाराची मर्यादा पाच हजारांवरून दहा हजार झाली. काही बटणांच्या फोनांत यूपीआयचं ॲपही आत घालूनच येतं.

वापरून बघितल्यावरचं माझं मत: घरभाडं, भावाला पैसे पाठवणं, रिचार्ज, अशा ठरलेल्या माणसाच्या ठरलेल्या कामांना ते ठीक आहे. भाजीवाल्याच्या गाडीसमोर उभं राहून, मागे गर्दी, कानाला फोन, ‘एक दाबा, दोन दाबा’ ऐकत बसणं कोणी करत नाही. वहीत ‘स्कॅन करा’वाली ओळ आठवड्यात दोनतीनदा आली असेल, तर पैशांसाठी स्मार्टफोनच घ्या. एखाददुसरी असेल तर रोख बाळगणं जास्त सुटसुटीत.

यूपीआय कुठल्याही फोनवर असो, बँकेला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं. नोंदणीच्या वेळी त्या सिमवरून मेसेज जातो आणि तो बँकेकडच्या नंबरशी ताडला जातो. मुलाच्या फोनमध्ये आईचं खातं ‘टाकून’ देता येत नाही, ते यामुळे. तशी वाट कोणी सुचवलीच तर सिम त्याच्या फोनमध्ये जाईल, म्हणजे खात्याची किल्ली त्याच्याकडे जाईल, हे समजून मगच हो म्हणा.

सोय हवी पण धास्ती वाटते, त्यांच्यासाठी आमच्याकडचा तोडगा: आईच्या स्मार्टफोनमधलं सिम एका वेगळ्या छोट्या खात्याला जोडलं. दर महिन्याला त्यात तीन हजार येतात. गेले तर तीन हजार जातील, ठेवी जाणार नाहीत.

फसवणूक दोन्हीकडे, पण वेगळ्या वाटेने

बटणांचा फोन सुरक्षित असतो हा समज अर्धवट आहे. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलान, योजनेची यादी अशा नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) येते, ती उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात. हा प्रकार साध्या बटणांच्या फोनवर होऊ शकत नाही. पण ‘बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा’ म्हणणारा माणूस दोन्ही फोनांवर सारखाच पोचतो. ‘अमुक आकडे दाबा’ सांगून कॉल दुसरीकडे वळवून घेणाराही. असं काही झाल्याचा संशय आला तर ##००२# लावलं की कॉल वळवणं पूर्ण बंद होतं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन. पहिला तासदोन तास मोलाचा असतो.

स्मार्टफोन दिलात तर देतानाच दोन गोष्टी करून द्या. प्ले स्टोअरबाहेरची ॲप्स टाकायची परवानगी बंद आहे ना, हे बघा. आणि व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरचे कॉल गप्प करायची सोय सुरू करा. नुसता उपदेश पुरत नाही.

नंबर कुठे राहतात

थोडं मागे जातो. २००५-०६ च्या सुमारास हाच वाद वेगळ्या नावाने चालायचा: साधा मोबाईल की पॉकेट पीसी फोन? पॉकेट पीसी हे नाव मायक्रोसॉफ्टने २००० साली आणलं, २००२ मध्ये त्यात फोनची सोय आली. वर्ड, एक्सेल, ईमेल, आणि पडद्यावर टोचायला एक काडी. ते पडदे दाब ओळखायचे, त्यामुळे नखानेही चालायचे. बाबांना आज तोच पडदा जमला असता, असं कधी कधी वाटतं. मी पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास हिंडून एक जुना मिळवला आणि मिरवला. त्या यंत्रांत २००५ मध्ये विंडोज मोबाईल ५.० येईपर्यंत नावं, नंबर, नोंदी सगळं रॅममध्ये राहायचं. बॅटरी पूर्ण उतरली की पाटी कोरी. कोकणात एका लग्नाला गेलो, चार्जर पुण्यात राहिला, आणि तिसऱ्या दिवशी माझे सव्वातीनशे नंबर गेले. माझ्याबरोबरच्या चुलतभावाचा साधा फोनही बंद पडला होता. पण त्याचे नंबर सिमवर होते. दुसऱ्याच्या फोनमध्ये सिम घातलं आणि त्याचं काम सुरू झालं.

तेव्हा फोन निवडताना नंबर कुठे साठतात ते विचारायची सवय लागली ती आजतागायत. स्मार्टफोनवर ते गुगल खात्यात जाऊ द्या, आणि त्या खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. नवा फोन घेताना अर्धी घरं याच पासवर्डपाशी अडतात. बटणांच्या फोनवर नंबर फोनमध्ये आणि सिमवर दोन्हीकडे ठेवा. सिमवर साधारण अडीचशे नावं बसतात, पण मराठीत लिहिलेलं नाव बऱ्याचदा सहासात अक्षरांत तुटतं. ‘सुनंदा आत्या सातारा’चं ‘सुनंदा’वरच भागतं. घरात दोन सुनंदा असतील तर आधीच वेगळी नावं योजा.

आणि दहा महत्त्वाचे नंबर भिंतीवर, मोठ्या अक्षरांत. याला पर्याय निघालेला नाही.

दुकानात

बटणांच्या फोनमध्ये बघायचं ते असं: बटणांमधलं अंतर, वाजण्याचा आवाज, टॉर्चचं वेगळं बटण, आणि बॅटरी निघते का. आकडे बोलून दाखवणारं कीपॅड असेल तर उत्तम. संकटाच्या वेळी ५ किंवा ९ दाबून धरलं की मदतीचा नंबर लागायची सोय २०१७ पासूनच्या नियमाने फोनांत असते. ती ११२ ला लावते. सेटिंग्जमध्ये बघून खात्री करा. दाबून बघायला गेलात तर पोलीसच फोन उचलतील.

व्हॉट्सॲप चालणारा बटणांचा फोन म्हणून कोणी जुना जिओफोन गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. तो कायओएस या प्रणालीवर चालतो, आणि तिच्यावरच्या फोनांना व्हॉट्सॲपने २०२५ च्या सुरुवातीला रामराम केला.

स्मार्टफोन सगळ्यात स्वस्तातला घेऊ नका. हे मी कंजूष माणूस म्हणून सांगतोय. अपुऱ्या रॅमचा फोन सहा महिन्यांत अडखळायला लागतो, आणि नवशिक्याला वाटतं चूक आपलीच झाली. त्याचा धीर तिथेच सुटतो. ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण याच्या खाली जाऊ नये. कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देणार हे खोक्यावर नसतं, विचारून घ्या. अपडेट थांबलेल्या फोनवर कालांतराने बँकेची ॲप्स चालेनाशी होतात. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर दुकानदार दहा मिनिटं बोलेल, बोलू द्या.

जुना फोन घेत असाल तर आधी *#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, काढा. मग इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ ला पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथेच कळतं. विकणाऱ्यासमोरच करा, तो कुठे बघतोय यावरूनही बरंच समजतं.

दोन्ही ठेवायचे असतील तर

बऱ्याच घरांना हेच जमतं. बँकेचा आणि आधारचा नंबर बटणांच्या फोनमध्ये, तो कायम खिशात. घरातला जुना स्मार्टफोन किंवा टॅब वायफायवर, टीव्हीशेजारी उभा, फक्त व्हिडिओ कॉल आणि भजनांसाठी. बाबा आता असंच वापरतात; नातीचा फोन आला की खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसतात, जुन्या दूरदर्शनसमोर बसल्यासारखे. मात्र त्या टॅबवरच्या व्हॉट्सॲपला बटणांच्या फोनमधला नंबर द्यायची युक्ती आता करू नका. सिम ज्या यंत्रात, त्याच यंत्रात मेसेजिंगचं ॲप चालावं असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला आहे. टॅबमध्ये सिम बसत असेल तर त्याला स्वतःचं वेगळं सिम घाला.

हातात देताना

नवा फोन वाढदिवसाला, पाहुण्यांच्या गर्दीत देऊ नका. माणूस लाजतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि ठेवून देतो. सुट्टीच्या पहिल्या दिवशी द्या, म्हणजे तुम्ही अजून तीनचार दिवस तिथेच असाल. पहिल्या दिवशी फक्त फोन उचलणं आणि ठेवणं. दुसऱ्या दिवशी एका माणसाला लावणं. स्मार्टफोन असेल तर पहिल्या पडद्यावर चारच चित्रं ठेवा, बाकीची काढून टाका. आईच्या फोनवर फोन, व्हॉट्सॲप, फोटो आणि यूट्यूब आहे, पाचवं तिने स्वतः दोन महिन्यांनी मागितलं.

शिकवताना फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. ‘दाखव इकडे’ म्हणून ओढून घेतला की धडा तिथेच संपतो. तुमचे हात मागे बांधा आणि तोंडाने सांगा. वेळ लागतो, चिडचिड होते, आपलीच जास्त होते.

जुना फोन पंधरा दिवस चार्ज करून जवळच ठेवा, पण सिम नव्यात. सोळाव्या दिवशी विचारा, जुना परत हवा का. आईने विचारायच्या आधीच तो शेजारच्या आजोबांना देऊन टाकला होता, चार्जरसकट.